मूळ गाणं, नक्कल आणि घोडी

परवा नागपुरात बर्डीच्या बाजारात कॅसेटच्या दुकानात एक इंग्रजी गाणं लागलं होतं. डिस्कोच्या ठेक्यावर, मागे मशीनचा ढोल. काउंटरवरचा पोरगा मान हलवत होता. मी थांबलो, ऐकलं आणि एका जागी माझी दोन बोटं आपोआप त्याच्या काचेवर पडली. ठक.

पोरगा म्हणाला, "काका, काच फुटन."

मी म्हटलं, "हे गाणं चुकीचं आहे."

"ओरिजिनल आहे काका. फॉरेनचं."

"ओरिजिनल माझ्या घरी आहे," मी म्हटलं, आणि काही न घेता बाहेर पडलो.

त्या पोराला सगळं सांगत बसलो असतो तर त्याचं दुकान बंद व्हायची वेळ झाली असती. म्हणून इथे लिहितो. हे गाणं मी आजवर बऱ्याच तऱ्हांनी ऐकलं आहे. एका हिंदी सिनेमात त्याची चाल उचलली होती, ती ऐकली. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने त्यावर अभंगासारखे शब्द बसवले होते, ते ऐकलं. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात चमकीचा शर्ट घातलेल्या गायकाने म्हटलेलं ऐकलं. आणि आमच्या बाबांनी वाजवलेलं ऐकलं. त्यामुळे मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे सांगायचा अधिकार मला आहे असं मी मानतो. शिवाय मी बी.ए. आहे.

हे बी.ए. प्रकरण आधी सांगायला हवं. नागपूरच्या महाल नावाच्या वस्तीत आमच्या बाबांचा लग्नाचा बँड होता. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, पितळेची वाद्यं. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंतही कोणी गेलं नव्हतं आणि मी एकदम बी.ए. झालो. निकाल लागला त्या आठवड्यात बाबांनी पेंटर बोलावून दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली. बँडचं नाव, त्याखाली 'लग्न, मुंज, मिरवणूक', आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरात 'मालकाचा मुलगा बी.ए.'. लोक हसले. बाबांना फरक पडला नाही. ते मला नावाने हाक मारायचेही बंद झाले. "बी.ए.ले विचारा," "बी.ए. जेवला काय वं?" असं घरात चालायचं. मला त्याची लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. डिग्री घासून मिळवली होती.

आता रेकॉर्ड. रेल्वेच्या बंगल्यांमधलं एक अँग्लो-इंडियन गार्डाचं कुटुंब कायमचं परदेशी चाललं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. मी त्यांच्याकडून रेकॉर्डप्लेअर घेतला. त्यावर एक छोटी रेकॉर्ड तशीच राहिली होती, ती गार्डाच्या बाईंनी त्याच्याबरोबर देऊन टाकली. प्लेअर चालतो हे दाखवायला त्यांनी ती लावली. एक काळा अमेरिकन गायक, मागे दोन ट्रंपेट. बाई खोक्यांच्या मधल्या जागेत नाचायला लागल्या. गाण्याच्या मध्यावर गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लागला, ट्रंपेटही तोच तुकडा पुन्हा पुन्हा घ्यायला लागले, अगदी तालात. बाईंनी नाचता नाचताच प्लेअरच्या पेटीवर दोन बोटं मारली, ठक, आणि गाणं पुढे गेलं. मी हे नीट पाहून घेतलं. विलायती गाणं कसं ऐकायचं असतं ते मला कळलं.

घरी आल्यावर बाबांना ऐकवलं. बाबा उकिडवे बसून ऐकत होते.

"हा मानूस गाऊन नाही राहिला गा," ते म्हणाले, "भांडून राहिला. याची बायको गेली काय माहेरी?"

मी म्हटलं, साधारण तसंच आहे.

मग ती जागा आली. गायक अडकला. तीच ओळ, तेच ट्रंपेट. मी बाईंसारखी दोन बोटं मारली आणि तो सुटला. बाबांचे डोळे चमकले. "पुन्हा लाव."

आमचा क्लॅरिनेटवाला तिथेच बसला होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, सुई तर नाही ना अटकत?"

मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं की इंग्रजी कवितेत ओळ परत परत येते, तिला रिफ्रेन म्हणतात, आणि ते मला परीक्षेला होतं.

"आम्हाले नव्हतं बाप्पा," तो म्हणाला आणि क्लॅरिनेट पुसत बसला.

पुढच्याच महिन्यात एक नवरदेव आला. रामटेककडचं धानाची शेती करणारं घर, पोरगा अमेरिकेत इंजिनिअर होऊन लग्नापुरता परतलेला. मुलगी महालातल्या एका व्यापाऱ्याची. नवरदेवाची अट एकच होती. त्याला वरातीत एक विशिष्ट इंग्रजी गाणं हवं होतं, तिकडच्या होस्टेलात तो ते रोज ऐकायचा. दोन बँडवाल्यांनी त्याला हात जोडले होते. तिसरे आम्ही. त्याने गाण्याचं नाव सांगितलं आणि मी आतून रेकॉर्ड आणून त्याच्या हातात ठेवली. त्याने लेबल वाचलं आणि तो खुर्चीवरून उठलाच.

"हे नागपुरात?"

"महालात," बाबा म्हणाले.

"सोल म्हणतात अशा गाण्यांना," तो म्हणाला. "सोल म्हणजे आत्मा. ओरिजिनल आहे ही! काका, जसं यात आहे तसंच पाहिजे. एक सूर इकडचा तिकडे चालणार नाही."

लावून ऐकवावी म्हटलं तर वीज गेलेली. मी सांगितलं, काळजी करू नका, एक सूर हलणार नाही. बाबांनी छातीवर हात ठेवला.

ते लग्न आमच्यासाठी साधं नव्हतं. त्या काळी महालात बँड पुष्कळ झाले होते आणि एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. वरातीतून परत पाठवलेल्या बँडला पुन्हा कोणी बोलवत नाही. नवरदेवाला मांडवाच्या दारापर्यंत नेलं नाही, तो बँड अपशकुनी. एका बँडमास्तरवर ही वेळ आली होती. तो वाद्यं विकून पानाच्या ठेल्यावर बसला, आणि तरी लोक लग्नाच्या दिवशी त्याच्याकडचं पान खात नसत. बाबांनी पाटी नवी केली होती. त्यांना मांडवाच्या दारापर्यंत पोचायचंच होतं.

तालीम महिनाभर चालली. आमच्या टिनाच्या शेडमध्ये सगळे बसायचे. मी प्लेअरपाशी. बाबांनी ती अडकायची जागा अशी बसवली, की सगळा बँड तोच तुकडा फिरवत राहायचा, कितीही वेळ, आणि बाबांनी काठी उचलली की मोठ्या ढोलावर एकच ठोका, धम्म, की सगळे मिळून पुढे. ऐकताना अंगावर काटा यायचा. शेडला लागून एका टांगेवाल्याचा तबेला होता. लग्नसराईत तो आपली पांढरी घोडी नवरदेवांसाठी भाड्याने द्यायचा. तालीम सुरू झाली की ती पत्र्यापलीकडून पाय आपटायची. टांगेवाला म्हणायचा, "मास्तर, माह्या घोडीले तुमचं गानं पाठ झालं." आम्ही हसायचो.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. उन्हं कलायच्या वेळी जानवशातून वरात निघाली. पुढे लाल कोटातला बँड. मागे त्याच पांढऱ्या घोडीवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. सगळ्यांत जोरात नाचत होता तो नवरदेवाचा मामा, धोतर खोचलेला, डोक्यावर फेटा, उभा जन्म धानाच्या बांधावर गेलेला माणूस. मी पांढरा शर्ट आणि पॅंट घालून बाजूने चालत होतो. मी बँडमध्ये वाजवत नसे. मी बी.ए. म्हणून चालत असे.

आमच्याकडे वरात चालते ती थांबत थांबत. वाटेवर नात्यातल्यांची घरं असतात, प्रत्येक दारात बाया आरती घेऊन उभ्या, नवरदेवाला ओवाळल्याशिवाय सोडत नाहीत. पहिलं घर आलं आणि बाबांनी बरोबर तिथे गाणं अडकवलं. तीच ओळ, तेच ट्रंपेट, गोल गोल. घोडी थांबली. बायांनी निवांत ओवाळलं, आजीबाईंनी कानशिलावर बोटं मोडली, कोणाची तरी वात विझली ती पुन्हा पेटवली. सगळं झालं तशी काठी वर, धम्म, घोडी पुढे, गाणं पुढे. मामा ओरडला, "वा रे मास्तर!"

मी नवरदेवाकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

दुसऱ्या घरी गाणं अडकलं तेव्हा तो घोडीवरून वाकून काहीतरी म्हणाला, पण ट्रंपेटपुढे ऐकू येईना. तिसऱ्या घरी तो सरळ खाली उतरला. बायांनी "माय वं!" म्हणून तोंडावर पदर घेतला, कारण नवरदेवाने मधेच घोडीवरून उतरायचं नसतं. बँड गप झाला. मोठ्या ढोलावरचा माणूस हात वर धरून तसाच उभा राहिला, ठोका त्याच्या हातातच राहिला.

"हे काय लावलं आहे?" नवरदेव म्हणाला. "गाणं मोडलंत तुम्ही माझं. असं नाही ते."

बाबा म्हणाले, "साहेब, एक सूर इकडचा तिकडं नाही केला. बी.ए.ले विचारा."

मी पुढे झालो. "ओरिजिनल जसं आहे तसंच आहे."

"ओरिजिनल माझ्याकडे आहे. ट्रंकेत. तिकडून आणलेली."

"मूळ तर आमच्याकडे आहे. तुम्ही स्वतः हातात घेऊन म्हणालात."

मामा मध्ये पडला. "अबे, आत्मा आहे म्हन्ते ना ते गानं? आत्मा अटकला तर ठोका द्याच लागन. चाल, बस घोडीवर."

"मामा, तुम्ही थांबा. हे सरळ वाजत नसेल तर यांना इथूनच परत पाठवा."

बाबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढंच. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण पलीकडच्या कोपऱ्यावर दुसऱ्या बँडचा मास्तर सहज म्हणून उभा होता. पूर्ण पोशाखात, बगलेत क्लॅरिनेट धरून सहज म्हणून कोणी उभं राहत नाही.

ज्या घरापुढे हे चाललं होतं तिथे रेकॉर्ड लावायची सोय असलेला रेडिओग्राम होता. घरमालक म्हणाला, दोन्ही लावून पाहा की, त्यात काय. त्या वेळी ही गोष्ट सगळ्यांना अगदी योग्य वाटली. नवरदेवाचा चुलतभाऊ स्कूटरवर जानवशात गेला. मी कोणाची तरी सायकल घेऊन दुकानात गेलो. परत आलो तेव्हा बैठकीत नवरदेव मुंडावळ्यांसकट सोफ्यावर बसला होता, शेजारी मामा, समोर बाबा लाल कोटात, दारात आरतीवाल्या बाया आणि खिडकीला अर्धी वरात. घोडीही दारातून मान आत घालून होती.

आधी नवरदेवाची रेकॉर्ड लागली. तोच माणूस, तेच भांडण, तेच दोन ट्रंपेट. ती जागा जवळ आली. माझी बोटं वर झाली. बाबांची काठी वर झाली. आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं मला.

"गेलं?" बाबा म्हणाले.

"गेलं," क्लॅरिनेटवाला म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार.

मग आमची रेकॉर्ड. अडकली.

"सुई अटकली!" म्हणत घरमालक उठला.

बाबा म्हणाले, "हात नोका लावू. आता सुटते." त्यांनी रेडिओग्रामवर दोन बोटं मारली. सुटली.

नवरदेवाने रेकॉर्ड उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. केसाएवढी एक रेघ होती. "चरा आहे," तो म्हणाला. "ओरखडा. तुम्ही महिनाभर ओरखडा वाजवायला शिकलात."

मी म्हणालो, "तुमच्या रेकॉर्डवर थांबायची जागाच नाही. मग बाया ओवाळतील कधी?" मला वाटतं हा मुद्दा तेव्हाही बिनतोड होता आणि आजही आहे. मामाने मान डोलावली. बायांनीही डोलावली.

नवरदेव मात्र ऐकेना. सरळ वाजवा, नाहीतर परत जा.

बाबा उठले. "सरळ तर सरळ. चला रे पोट्टेहो. धरून ठेवा, अटकू नका."

बाहेर येऊन बँडने सुरुवात केली. नवरदेव घोडीवर चढला. आमची माणसं घाम पुसत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवत होती. ती जागा आली. सगळ्यांची बोटं महिनाभराच्या सवयीने मागे वळायला बघत होती, बाबांनी डोळे वटारले आणि बँड कसाबसा घसरत पुढे गेला. नवरदेवाच्या रेकॉर्डवर होतं तसंच. मी खरं सांगतो, चांगलं वाजलं.

पण घोडी थांबली.

बँड गल्लीच्या वळणापर्यंत गेला आणि मागे कोणी नाही म्हणून परत आला. घोडी त्या जागेवर चारी पाय रोवून उभी. टांगेवाल्याने लगाम ओढला. मामाने मागून ढकललं. कोणीतरी गूळ आणला, तिने गूळ खाल्ला आणि हलली नाही. नवरदेवाने टाचा मारल्या. घोडीने कान मागे घेतले, बस. पुन्हा सरळ वाजवून पाहिलं, तर त्या जागेपर्यंत ती ठुमकत चार पावलं आली आणि बरोबर तिथे पुन्हा खांब.

टांगेवाला म्हणाला, "साहेब, तिचा ठोका राहिला ना."

"कसला ठोका?"

"तिले असंच माहीत आहे गानं. इथं थांबाचं, ठोका पडला का चालाचं. महिनाभर आयकून राहिली बिचारी."

नवरदेव म्हणाला, मी चालत जातो. तर मामा आडवा झाला. चालत येणाऱ्या नवरदेवाला मुलीकडचे काय म्हणतील, आणि आधीच एकदा उतरला होता. दुसरी घोडी? या तिथीला अख्ख्या महालात मोकळी घोडी नव्हती. तेवढ्यात मांडवातून माणूस धावत आला. भटजी म्हणत होते, गोरज वाट पाहत नाही.

कोपऱ्यावरचा दुसरा मास्तर पुढे आला. "आमचा बँड लावून पाहा."

टांगेवाला म्हणाला, "तुह्यावर चालत असती तर मंग काय होतं!"

नवरदेवाचं तोंड त्याच्या शेल्यासारखं लाल झालं होतं. तो इंजिनिअर माणूस. त्याने सगळं पाहिलं, गूळ, टाचा, मामा, भटजीचा माणूस. मग तो बाबांना म्हणाला, "मारा तो ठोका."

बाबा म्हणाले, "तसा कसा मारू साहेब? अटकल्यावर ठोका. आधी अटका लागते."

"मग अटका ना! काहून उभे आहा? अटका!"

अमेरिकेहून आलेल्या माणसाच्या तोंडून गावाकडचं ते "काहून" बाहेर पडलं आणि मामा पोट धरून रस्त्यातच बसला.

बाबांनी टोपी नीट केली. बँड अडकला. असा अडकला की काय सांगू. ट्रंपेटवाले लाल झाले, क्लॅरिनेट रडायला लागलं, मामा फेटा सोडून नाचायला लागला, दारातल्या बाया ताटं खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागल्या. बाबांनी काठी उचललीच नाही. ते नवरदेवाकडे पाहत होते.

"मास्तर, ठोका!"

"तुमी म्हनान तवा."

"म्हणतो ना! ठोका!"

धम्म. घोडी निघाली.

मांडवापर्यंत पुढची सगळी घरं नवरदेवाने स्वतः हात वर करून सांगितली, अटका म्हणून आणि ठोका म्हणून. मांडवाच्या दारात शेवटचा ठोका बाबांनी एवढ्या जोराने मारायला लावला की ढोलाचं कातडं सैल झालं. पोचलो. भटजी ओरडत होते, पण सूर्य अजून पूर्ण गेला नव्हता.

पुढच्या वर्षी महालातले बाकीचे बँड तेच गाणं, त्याच जागी अडकून वाजवायला लागले. बाबा त्यांना नकलाकार म्हणायचे. मग भजनी मंडळाने घेतलं, अडकायच्या जागी त्यांनी देवाचं नाव घातलं. सिनेमातली चाल आली तेव्हा मात्र बाबा रेडिओसमोर बसून शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "अर्धंच चोरलं यांनी."

पण एक गोष्ट राहिली. लग्नानंतर नवरदेवाने त्याची ती ओरखडा नसलेली रेकॉर्ड आमच्याकडे पाठवून दिली. मला आता ती ऐकवत नाही, असा निरोप होता. बाबांनी ती बऱ्याचदा लावली. दर वेळी त्या जागी काठी उचलायचे आणि खाली ठेवायचे. मग एके दिवशी दुपारी ते आईच्या शिवणाच्या डब्यातून सुई घेऊन बसले.

"काय करता?"

"दुरुस्त करून राहिलो. माल चांगला आहे, एवढीच चूक राहिली."

जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी एक बारीक रेघ ओढली. आम्ही लावली. रेघ भलत्याच जागी बसली होती, अगदी सुरुवातीला, गायक तोंड उघडायच्या आधी मोठा श्वास घेतो तिथे. त्याने श्वास घेतला. पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. गायचं नावच नाही.

बाबांनी पेटीवर दोन बोटं मारली. श्वास. मूठ मारली. श्वास. तो माणूस गाणार गाणार म्हणत नुसता फुगत होता. आई आतून म्हणाली, "कोनाले दमा झाला वं बाई?"

बाबांनी सुई उचलून ठेवली. "हा ठोक्याले मानतच नाही," ते म्हणाले. "लाव बाप्पा, आपलं मूळचं लाव."